मुहूर्ताचा पैलवान

"किती काढू, वस्ताद?"

तालमीतल्या लाल मातीच्या हौद्याशी हिंदुराव पोवार उभा होता. कोरा लंगोट, कपाळाला शेंदूर, एका हातात नारळ. दुसरा हात पोटावर, कारण लंगोटाची गाठ त्याच्या खाली कुठेतरी गडप झाली होती.

बाबालाल वस्ताद हौद्याच्या कडेला मांडी घालून मातीतले खडे वेचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय किती?"

"बैठका. हजार का दीड हजार?"

वस्तादांना एक खडा सापडला. तो त्यांनी बोटांत फिरवून पाहिला आणि बाजूला टाकला.

"नारळ फोडलास?"

"फोडतो की. आधी आकडा ठरू दे."

"मागच्या खेपंचा नारळ ग्वाड हुता," वस्ताद म्हणाले. "त्याच्या आदल्या खेपंचा जरा नासका निगाला."

हिंदुराव कानापर्यंत लाल झाला. मागची खेप नागपंचमीची होती. त्याच्या आदली अक्षय तृतीयेची. दोन्ही वेळा लंगोट नवा, मुहूर्त नवा आणि गुडघे तेच जुने.

आज घटस्थापना होती.

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतली ही तालीम. एका कोनाड्यात मारुती आहे, दुसऱ्यात पिराचा पंजा आहे आणि दोन्हीकडच्या दिव्यांत तेल घालणारे बाबालाल वस्ताद एकच आहेत. पेठेतली पोरं आता आरशांच्या जिममध्ये जातात. त्यामुळे भल्या सकाळीही इथे सामसूम असते. वस्तादांनी ऐंशी कधीच ओलांडली. त्यांच्या हाताखालून पुष्कळ पैलवान गेले, पण नाव काढलं ते हिंदुरावाने.

त्याची मिरवणूक निघायची तेव्हा हलगीच्या आवाजाने गोठ्यातल्या म्हशी दावं ओढायच्या, असं पेठेत अजून सांगतात. मग लग्न झालं. काही वर्षांनी साखर कारखान्यात नोकरी लागली. आणि बहुतेक पैलवानांचं होतं तेच त्याचं झालं. कसरत सुटली, खुराक सुटला नाही. अंगातला पैलवान झोपी गेला आणि पोटातला जागा राहिला.

यंदा चैत्रात भर मंडईत त्याच्या छातीत कळ आली. मेथीची जुडी हातात तशीच धरून तो बटाट्याच्या पोत्यावर बसला. लोकांना वाटलं, पैलवान भाव पाडून घ्यायला बसलाय.

दवाखान्यातून तो सुखरूप घरी आला. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वेळी हृदयाने दया केली, पुन्हा करेलच असं नाही. ते ऐकल्यापासून हा डोंगराएवढा माणूस आतून घाबरलेला होता, आणि घाबरलोय म्हणायची त्याला सवय नव्हती. म्हणून तो मुहूर्त बघत होता.

"बस की," वस्ताद म्हणाले.

"बसायला न्हाई आलो."

"मग हुबा ऱ्हा."

हिंदुराव उभा राहिला. थोड्या वेळाने पाय भरून आले, पण आता बसणं म्हणजे पडतं घेणं होतं.

"डाक्टर काय म्हणला?" वस्तादांनी विचारलं.

"त्येचं काय ऐकता वस्ताद. म्हणला, सकाळी थोडं चाला. येळंवर जेवा, येळंवर निजा. मनात कुढत बसू नका, घरच्या माणसांशी बोला. हळूहळू कसरतबी करा म्हणला, पर दम लागूस्तवर नगं."

"मग?"

"मग काय? दम लागल्याबिगर कसरत कशी म्हणायची? आणि चाला म्हणतोय. मी, हिंदुराव पोवार, रंकाळ्यावर म्हाताऱ्यांच्या संगं पिशवी घिऊन चालू?"

"पिशवी कशाला?"

"तसं न्हाई वस्ताद. लोक बगत्यात. ज्यांनी खांद्यावर घिऊन नाचवलं त्येंच्या म्होरं धापा टाकत जायाचं म्हंजे..."

त्याचं घर तालमीपासून दोन गल्ल्या पलीकडे, पण तो आज रिक्षाने आला होता.

"मग तू काय क्येलंस?" वस्ताद म्हणाले.

"मुहूर्त बगितला आणि हजार काढाय घेतल्या. जितनं सोडलं तितनंच धराय पायजे, व्हय का न्हाई?"

"मग?"

"पडलो."

"मग?"

"आठ दिस हातरुणात हुतो. पाय उचलंनात."

"मग?"

हिंदुरावाने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"मग म्होरला मुहूर्त बगितला."

वस्ताद हसले नाहीत. ते मातीत बोटं फिरवत राहिले.

"म्हंजे त्या दोन मुहूर्तांच्या मदल्या दिसांत काय?"

"कायबी न्हाई. न्येम मोडल्याला असला की मोडल्यालाच की वो. उगं आडमदीच कसा धरायचा? मग खाणं चाललं, निजणं चाललं. म्हणलं, एकदा धरला की कडक धरू."

"कडक," वस्ताद म्हणाले.

"व्हय. तुमीच शिकिवलंय."

"म्याच शिकिवलंय," वस्ताद म्हणाले, आणि त्यांचा हात मातीत थांबला...

बाहेर गल्लीत कुणीतरी झेंडू विकत चाललं होतं. आवाज लांब लांब गेला.

मग वस्तादांनी हात पुढे केला. "जरा उटीव."

हिंदुरावाने नारळ खाली ठेवला आणि त्यांना उठवलं. हात केवढा हलका लागला. याच हाताची मानेवर थाप बसली की पूर्वी तो तोंडघशी जायचा. आता त्याला तो हात दाबायचीही भीती वाटली.

हौद्याच्या पलीकडे आढ्यापासून एक जाड दोर लोंबत होता. पोरं होती तेव्हा त्यावर सरसर चढायची. वस्ताद भिंतीच्या आधाराने तिथवर गेले. धोतराचा काच्या मारला. दोर दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू, एकेक हाड समजावीत, खाली बसू लागले.

हिंदुराव पुढे झाला. वस्तादांनी नुसतं पाहिलं. तो जागीच थांबला.

वस्ताद पूर्ण बसले. क्षणभर तसेच राहिले. मग दोराला लगटून वर येऊ लागले. मांड्या थरथरत होत्या. अर्ध्यावर ते अडले. मग कुठून कोण जाणे, म्हातारा उभा राहिला.

चिमूटभर माती उचलायला वाकता येत नव्हतं. म्हणून दोराला लागलेलीच माती त्यांनी कपाळाला लावली.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"माजी कसरत."

हिंदुरावाला आधी हसू आलं. याच माणसाने बैठका काढल्या की पायांखाली घामाचं थारोळं साचायचं, आणि त्यात पाय घसरू नये म्हणून पोरं माती टाकायची. ते आठवलं आणि हसू मावळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येकच, वस्ताद?"

"काल तीबी झाली न्हाई."

हिंदुरावाने हे कधी ऐकलं नव्हतं. वस्ताद तापात कसरत करत. बायकोला मूठमाती देऊन आले त्या दिवशीसुद्धा त्यांनी जोर काढले होते, आणि कुणाला त्यांच्याजवळ जायचा धीर झाला नव्हता. पेठेत आयाबाया पोरांना तो दाखला द्यायच्या.

"म्हंजे न्येम मोडला?" त्याने हळूच विचारलं.

"काल झाली न्हाई. आज झाली."

"पर मोडला की. मग आज पैल्यापास्नं धरायचा तर नारळ? मुहूर्त?"

"कशाला?"

"न्हाई... तसंच धरला?"

"दोर तितंच हुता," वस्ताद म्हणाले.

ते परत भिंत धरत आले. हिंदुरावाने त्यांना बसायला मदत केली, आणि मदत करता करता स्वतःही शेजारी बसला. आपण बसलो हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"काल बरं न्हवतं व्हय?"

"बरा हुतो."

"मग का न्हाई झाली?"

वस्तादांनी पुन्हा मातीत हात घातला. खडा नव्हता. नुसतीच माती मुठीत घेऊन सोडली.

"काल मालन आलती."

"कोण?"

"तुजी मालन."

"हितं?"

"पायरीवर."

तालमीत बाईमाणूस येत नाही. तशी रीतच आहे, चांगली की वाईट ते सोडा. लग्न होऊन मालन या पेठेत आली, तिचे केस पिकले, पण ती तालमीच्या दारावरून जातानाही पदर सावरून पलीकडच्या कडेने जायची. ती पायरीवर येऊन बसली म्हणजे घरात काय झालं असेल, या विचाराने हिंदुराव वस्तादांकडे वळला.

"कशाला आलती?"

"दिवा लावून मी दोर धराय चाललो तर दारात हुबी. आत ये म्हणलं तर येईना. मग मीच भाईर जाऊन पायरीवर बसलो. ऊन चढूस्तवर बसलो हुतो दोगं."

"काय म्हणली?"

"पैल्यांदा काय बोललीच न्हाई. रडली. रडू दिलं."

हिंदुरावाने मान खाली घातली. घरात ती कधी रडलेली त्याला दिसली नव्हती. चैत्रात दवाखान्यातसुद्धा नाही. तिथे तर ती सगळ्यांना चहा देत होती.

"मग म्हणली," वस्ताद सांगू लागले, "वस्ताद, उद्या घट बसायचं. ह्येनी नवा लंगोट आणून ठेवलाय. तुमी त्यास्नी सांगा, तालमीत येऊ नगा म्हणून. म्हणली, एक तुमचंच ऐकत्यात त्ये. हौद्यातनं मला त्येंचं मढं न्यायाचं न्हाई."

"तुमी काय सांगितलं?"

"म्हणलं, येऊ दे. आल्यावर बगू."

"आणिक काय म्हणली?"

"दुपारचा तू निजलास की नाकाम्होरं हात धरून बगती म्हणं. वारं येतंय का."

दुपारी कधी झोपमोड झाली की ती उशाशी हात हलवताना दिसायची. माशी हाकतेय, असं त्याला इतके महिने वाटत होतं. एकदा तो वैतागून तिच्यावर ओरडलाही होता, की माशी बसली तर बसू दे, निजू दे मला.

ते आठवून त्याला आपलीच लाज वाटली. बायकोची इतकी माया त्याला एकदम, सगळी, अशी कधी समोर दिसली नव्हती.

"आणिक?" त्याने विचारलं.

"आणिक म्हणली, तालमीतनं घरला आलं की त्येंच्यात कायबी शिल्लक नसतंय. जेवत्यात आणि आडवं हुत्यात. ह्या दोन खेपांचं म्हणत न्हाई वस्ताद, म्हणली. लगीन झाल्यापास्नं तसंच. पैलवान गावाला मिळाला. मला निस्तं आंग यायचं."

वस्तादांनी हातावरची माती झटकली.

"आसं म्हणली आणि मग जरा हसली. ग्वाड हसती रं पोरगी."

हिंदुरावाच्या छातीतून हुंदका आला. आला तो आलाच. पैलवानाचं रडणं काही नाजूक नसतं. कोनाड्यातल्या दिव्याची वातसुद्धा हलली असेल. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. तसाच, बराच वेळ.

"वस्ताद..." तो शेवटी म्हणाला. "मला भ्या वाटतंय."

"व्हय."

"कुणाला बोललो न्हाई. मालनलाबी न्हाई. निजताना वाटतं, सकाळी उटतोय का न्हाई. म्हणून वाटतं, पैल्यासारका झालो की जाईल भ्या. एकदा हजार निगाल्या की झालं."

"निगाल्यावर जाईल?"

हिंदुरावाने विचार केला. खरा विचार केला.

"न्हाई," तो म्हणाला. "मग दोन हजाराचं वाटंल."

वस्तादांनी मान हलवली.

"तुमास्नी वाटतं का कदी? भ्या?"

"रोज."

"कशाचं?"

"अर्ध्यावर अडकलो न्हवं का मगाशी. तितं."

"मग बसता कशाला?"

"उटाय मिळतं म्हणून," वस्ताद म्हणाले.

उजेड कौलांतून खाली हौद्यापर्यंत आला होता. हिंदुरावाला हलकं वाटत होतं. रडल्याने असेल किंवा बोलल्याने. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींतली एक आपल्या हातून नकळत झाली, हे त्याला सुचलं नाही. मला मात्र सांगताना मजा वाटते.

"मग आता?" तो म्हणाला. "घरी जाऊ? मालन म्हणती तसं सोडू तालीम?"

"लंगोट घातलायस न्हवं?"

"व्हय."

"मग बैठका काढ."

"किती?"

"तू काढाय लाग. मी हाय."

हिंदुराव उठला. पाय रोवून उभा राहिला, छाती फुगवली आणि सवयीने शड्डू ठोकायला मांडीवर हात उगारला.

"शड्डू नगं," वस्ताद म्हणाले.

"का?"

"म्होरं कोण हाय?"

हात हवेतच राहिला. हिंदुरावाने पुढे पाहिलं. समोर भिंत होती, रिकामा हौदा होता, आणि उन्हात धुळीचे कण तरंगत होते. त्याने हात खाली घेतला.

"सावकास," वस्ताद म्हणाले. "मी बसलो तसा बस."

पहिली बैठक त्याने चोरासारखी काढली. गुडघा करकरला. दुसरीला त्याने मुद्दाम हळू जाऊन पाहिलं. तिसरीला पाठ आपोआप ताठ झाली. अंग विसरलं नव्हतं. बसताना श्वास आत, उठताना बाहेर. वस्तादांनी पोरवयात शिकवलेला तो ताल कुणी जागं केल्यासारखा वर आला.

हिंदुरावाच्या तोंडावर हसू पसरलं. किती दिवसांनी त्याला आपलं शरीर आपलं वाटत होतं. दुखत नव्हतं, टोचत नव्हतं, घाबरवत नव्हतं. कपाळावर बारीक घाम आला. त्याने वेग वाढवला. आता आणखी, आणखी आणि आणखी काढाव्यात, दिवसभर काढाव्यात, असं त्याला वाटू लागलं.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला.

वस्ताद भिंतीला धरून उठले होते, आणि मग भिंत सोडून, कुणाचा आधार न घेता, त्याच्यापर्यंत चालत आले होते.

"बास," ते म्हणाले.

हिंदुराव अर्ध्यातच थबकला. "आत्ता कुटं सुरू झालं की."

"बास."

"पर वस्ताद, खरंच... अजून लई दम हाय माज्यात."

म्हाताऱ्याने त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या धोतराच्या सोग्याने टिपला. लहान पोराचा टिपावा तसा, सावकाश, भुवयांपासून कानापर्यंत.

"असू दे," ते म्हणाले. "त्यो घरला घिऊन जा."